वाचकांचे प्रश्न : टीम बिल्डिंगवर खर्च होतो, मग कामात फरक का पडत नाही?

हिवाळा तोंडावर आला की नागपूर परिसरातील कंपन्यांच्या सहली आणि शिबिरे ठरू लागतात. त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांपैकी याच विषयावरची तीन पत्रे उत्तरासाठी निवडली आहेत.

प्रश्न : बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करतो. दर हिवाळ्यात आम्ही सुमारे ऐंशी जणांना पेंचकडच्या एका रिसॉर्टवर नेतो. रस्सीखेच, डोळे बांधून चालणे, रात्री गाणी असा कार्यक्रम असतो आणि मंडळी खूश होऊन परततात. पण आठवडाभरात उत्पादन विभाग आणि मेन्टेनन्स यांची जुनी वादावादी पुन्हा सुरू होते. या खर्चातून मिळते काय, असे संचालकांनी या वर्षी विचारले आहे. काय बदल करावेत?

उत्तर : आपल्या संचालकांचा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनाही तो पडलेला आहे. एदुआर्दो सालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तोवर झालेल्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली, तेव्हा टीम बिल्डिंगमुळे कामगिरी एकंदरीत सुधारते असे त्यांना आढळले नाही. जे उपक्रम कोणी काय करायचे हे स्पष्ट करण्यावर भर देत होते, त्यांचा मात्र लाभ दिसला. पुढे २००९ मध्ये कॅमेरॉन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी अधिक व्यापक छाननी केली. तिचा निष्कर्ष जास्त आशादायक होता, तरी उद्दिष्ट ठरवणे आणि भूमिका स्पष्ट करणे याच दोन गोष्टींचा परिणाम सर्वांत ठळक निघाला. शिवाय माणसांच्या भावना आणि परस्पर व्यवहार यांवर होणारा परिणाम प्रत्यक्ष कामगिरीवरील परिणामापेक्षा मोठा होता. आपली मंडळी खूश होऊन परततात आणि वाद तसाच राहतो, यात म्हणूनच नवल काही नाही. दोन विभागांतील माणसे एकमेकांना आवडू लागली, तरी यंत्र केव्हा बंद करायचे आणि तो निर्णय कोणी घ्यायचा हे त्यामुळे ठरत नाही.

रिसॉर्टचे आरक्षण करण्यापूर्वी तीनेक आठवडे दोन्ही विभागांतील आणि सर्व शिफ्टमधील काही जणांशी एकेकट्याने बोलावे. ‘आपल्या टीममध्ये काय कमी आहे?’ असे विचारल्यास ‘कम्युनिकेशन’ हे एकच उत्तर सर्वांकडून येईल आणि त्यातून हाती काही लागणार नाही. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांत कोणत्या कामासाठी दुसऱ्या विभागाची वाट पाहावी लागली, त्या दिवशी नेमके काय घडले आणि कोणाला कळवले होते, असे विचारावे. माझा अंदाज असा की, आपल्याकडील उत्पादन विभागाचे मोजमाप रोजच्या नगांवर होत असेल आणि मेन्टेनन्सचे ब्रेकडाउनच्या तासांवर. तसे असेल, तर नियोजित देखभालीसाठी यंत्र दोन तास थांबवणे एका विभागाच्या हिताचे आणि दुसऱ्याच्या तोट्याचे ठरते. अशा वादाचे मूळ स्वभावात नसून कंपनीने लावलेल्या हिशेबात असते. तो हिशेब बदलणे संचालकांच्याच हाती आहे, आणि त्यांची तशी तयारी नसेल तर यंदाचा खर्च वाचवलेला बरा, हे मनुष्यबळ विभागाने त्यांना स्पष्टपणे सांगावे. ही गोष्ट सांगणे अवघड असते याची मला कल्पना आहे. पण वरिष्ठांच्या निर्णयातून उद्भवलेला तंटा कामगारांना डोळे बांधून चालवल्याने मिटत नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. ऐंशी जणांची सहल निघू शकते, कामाची चर्चा ऐंशी जणांत होत नाही. आपण रस्सीखेचीचा उल्लेख केला आहे, म्हणून सांगतो : मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना एकेकटे आणि गटाने दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार आठ जणांच्या गटात प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागतो त्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. याचे काही कारण ताळमेळ न जमणे हे होते. परंतु गर्दीत आपला वाटा वेगळा ओळखला जाणार नाही असे वाटले की माणूस जोर कमी लावतो, हेही नंतरच्या प्रयोगांतून दिसून आले. ज्या खेळाला आपण एकजुटीचे प्रतीक समजतो, त्याच खेळाने हे दाखवून द्यावे याची मला नेहमी गंमत वाटते. तेव्हा ज्यांचे काम एकमेकांवर अवलंबून आहे अशा बारा ते पंधरा जणांनाच एकत्र बसवावे आणि त्यांत सुपरवायझरांइतकेच प्रत्यक्ष यंत्रावर काम करणारे लोक असावेत.

या बैठकीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा आणि तो सकाळचा असावा, कारण जेवणानंतर आणि क्रिकेटनंतर कोणाचेच डोके चालत नाही. अलीकडे झालेला एखादा ब्रेकडाउन निवडावा आणि यंत्र बंद पडल्यापासून ते पुन्हा सुरू होईपर्यंतचा घटनाक्रम भिंतीवर मोठ्या कागदावर मांडावा. कोणाची चूक होती हा प्रश्न त्या दिवसापुरता बाजूला ठेवून, कोणत्या क्षणी कोणाजवळ कोणती माहिती नव्हती एवढेच पाहावे. त्यानंतर प्रत्येकाने तीन गोष्टी लिहाव्यात : मी कशासाठी जबाबदार आहे, समोरच्या विभागाकडून मला काय हवे असते, आणि कोणते काम नक्की कोणाचे आहे हे मला आजवर कळलेले नाही. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत मोलाची असतात. झालेल्या कामाचा असा पद्धतशीर आढावा घेण्याची रीत सैन्यदलांत रुळलेली आहे. स्कॉट टॅननबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अशा आढाव्यांवरील अभ्यास एकत्र केले, तेव्हा नीट घेतलेल्या आढाव्यामुळे कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. रिसॉर्टशिवायही, कारखान्यातील प्रशिक्षणाच्या खोलीत, हे सहज होऊ शकते.

खेळ घ्यायचेच असतील तर ते कामाशी नाते सांगणारे घ्यावेत. उदाहरणार्थ, एका गटाने एखादी जोडणी अर्ध्यापर्यंत करावी आणि पाच मिनिटांत, केवळ तोंडी, दुसऱ्या गटाला चार्ज द्यावा. शिफ्ट बदलताना काय निसटते ते तेथे सर्वांना डोळ्यांनी दिसेल. मात्र खेळ वीस मिनिटांचा असेल तर त्यावरची चर्चा किमान चाळीस मिनिटांची ठेवावी. बाहेरून बोलावलेल्या आयोजकांच्या वेळापत्रकात नेमकी ही चर्चाच कापली जाते, कारण ती छायाचित्रांत चांगली दिसत नाही.

चर्चा मराठी-हिंदीतच व्हावी. आपले तंत्रज्ञ एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती सोडून इंग्रजी स्लाइड दाखवणारा फॅसिलिटेटर बोलावला, तर बोलणारे चारच जण उरतात आणि ते चौघे एरवीही बोलतच असतात. विभागप्रमुखांनी सर्वांत शेवटी बोलावे. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील गटांच्या अभ्यासातून दाखवले की, चूक कबूल केली किंवा शंका विचारली तर आपली मानहानी होणार नाही असा भरवसा जेथे असतो, तेथे गट अधिक शिकतो. पहिल्याच तक्रारीवर साहेबांनी खुलासा सुरू केला, तर असा भरवसा निर्माण होणे शक्य नाही.

बैठक संपताना फार तर तीन निर्णय लिहून घ्यावेत, प्रत्येकापुढे एका व्यक्तीचे नाव आणि तारीख असावी, आणि महिन्याभराने त्याच मंडळींनी तासभर बसून त्यांचे काय झाले ते पाहावे. परतीच्या बसमध्ये भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवरून जेवण कसे होते तेवढे कळते. संचालकांना दाखवायला ब्रेकडाउन कळवल्यापासून मेकॅनिक पोहोचेपर्यंतचा वेळ यासारखा एखादा आकडा कार्यक्रमापूर्वीच्या दोन महिन्यांचा काढून ठेवावा आणि नंतरच्या दोन महिन्यांशी ताडून पाहावा. यंत्रांची संख्या किंवा माणसे मध्येच बदलली असतील तर तेही नमूद करावे, म्हणजे नसलेले श्रेय आपल्या पदरी पडणार नाही.

ऐंशी जणांची सहलही अवश्य काढावी. खुल्या हवेत रोडगे आणि वांग्याची भाजी, सोबत कुटुंबे, आणि कोणतेही सत्र नाही, अशी. तिच्यावर उत्पादकतेचे ओझे लादू नये आणि संचालकांनाही ती आनंदाचा खर्च म्हणूनच सांगावी.

प्रश्न : मी नागपूरच्या मिहान प्रकल्पातील एका आयटी कंपनीत नोकरी करते. आमच्याकडे शनिवार-रविवारी मुक्कामी आउटिंग असते. त्यात सर्वांसमोर नाचणे, ‘आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग’ सांगणे असे प्रकार असतात आणि रात्री उशिरापर्यंत मद्यपान चालते. मला हे नको वाटते; पण नकार दिला तर ‘टीम प्लेयर नाही’ असा शिक्का बसेल, ही भीती आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्याला जे नको वाटते ते आपल्याच टीममधील आणखी काहींना नको वाटत असण्याची शक्यता बरीच आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कारण सांगून टाळण्यापेक्षा, आखणी सुरू असतानाच आपल्या मॅनेजरला शांतपणे सांगावे की दिवसाच्या सत्रांना मी येईन, मुक्कामाला थांबणार नाही, आणि खासगी आयुष्याविषयीच्या खेळात भाग घेणार नाही. सोबत एखादी जबाबदारी स्वतःहून मागून घ्यावी, म्हणजे गैरहजेरीची चर्चा होण्याऐवजी आपण केलेले काम लोकांसमोर राहील. सहकाऱ्यावरचा विश्वास त्याचे खासगी दुःख ऐकून वाढतो, या समजुतीवर माझा विश्वास नाही. शुक्रवारी देतो म्हणालेले काम शुक्रवारी देणाऱ्यावर लोक आपोआप विसंबतात.

एक कायदेशीर बाब आपण आणि आयोजकांनीही लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जेथे जातात ती जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन हेही येते. म्हणजे रिसॉर्ट आणि तेथे नेणारी बस या दोन्ही ठिकाणी कंपनीची जबाबदारी कायम असते आणि तेथील प्रसंगाची तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे करता येते.

हे सदर वाचणाऱ्या मॅनेजरांसाठी एवढेच : कार्यक्रम कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत ठेवावा. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांच्या सुटीच्या दोन दिवसांवर हक्क सांगून त्यांची आत्मीयता मिळत नाही.

प्रश्न : धरमपेठेत आमचे नऊ जणांचे कर सल्लागार कार्यालय आहे. टीम बिल्डिंगसाठी पैसा नाही. तरी काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि मोठ्या कंपनीपेक्षा चांगले करता येईल, कारण सर्व माणसे एका टेबलाभोवती बसू शकतात. विवरणपत्रांचा हंगाम संपल्यावर एका सकाळी तर्री-पोहे मागवावेत, फोन बंद ठेवावेत आणि दोन तास याच हंगामाविषयी बोलावे : कोणत्या अशिलाची कागदपत्रे दोनदा मागावी लागली, कोणाच्या टेबलावर काम साचले, आणि तेव्हा कोणाचे हात मोकळे होते. सुरुवात भागीदारांपैकी एकाने स्वतःच्या चुकीपासून करावी, अन्यथा आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करणारी मुले तोंड उघडणार नाहीत. जे ठरेल ते एका पानावर लिहून ठेवावे आणि पुढील हंगामाच्या पंधरा दिवस आधी, नव्याने आलेल्या मुलांसह, पुन्हा वाचावे.