वाचकांचे प्रश्न: व्हायरस 'पिकतो' म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न: व्हायरसच्या प्रोटीनचं कवच तयार झाल्यावर मॅच्युअर होतं असं वाचलं. पण व्हायरस तर निर्जीवासारखा, खात नाही, वाढत नाही, मग कवच बदलतं कसं? आणि कच्चा व्हायरस आजारी पाडतो का?

उत्तर: वाढणं नाहीच हे, नवीन प्रोटीन एकही येत नाही, आहेत तीच जागच्या जागी वळतात, सरकतात. याचं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे एचके९७, हा बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस. त्याच्या कवचात एकाच प्रोटीनच्या ४२० प्रती, ६० षटकोनी आणि १२ पंचकोनी गटांत बसलेल्या. सुरुवातीला हे कवच लहान, जाड आणि गोलसर असतं. मग आतलं एक एन्झाइम प्रत्येक प्रोटीनचा साधारण १०० अमिनो आम्लांचा तुकडा छाटून टाकतं. आता कवच ताणलेल्या स्प्रिंगसारखं, फक्त चाप ओढायचा बाकी. आत डीएनए भरायला लागला की चाप ओढला जातो (लॅबमध्ये थोडं आम्ल घातलं तरी चालतं) आणि कवच फुगून मोठं, कोनदार होतं, भिंत मात्र २ नॅनोमीटरहूनही पातळ. मला सगळ्यात भारी वाटतं ते यापुढचं, शेजारशेजारची प्रोटीनं एकमेकांना पक्क्या रासायनिक बंधांनी जोडली जातात आणि त्यांची कडी एकमेकांत अडकतात, जुन्या लढायांतलं कड्यांचं चिलखत असतं ना, अगदी तसंच! २००० साली याची अणूंपर्यंतची रचना छापून आली तेव्हा हे स्पष्ट दिसलं.

मग पहिल्यापासूनच पक्कं का नाही बनवत? कारण जोडणी करताना बंध सैल असले तर चुकून वाकडा बसलेला तुकडा सुटून परत नीट बसू शकतो, आधीच घट्ट केलं तर चूक तशीच राहणार.

आता दुसरा प्रश्न, एचआयव्हीवरून सांगतो. तो पेशीतून बाहेर पडतो तेव्हा आत गॅग नावाच्या लांब प्रोटीनचा गोल थर असतो, आणि या अवस्थेत तो कुणालाच संसर्ग करू शकत नाही. त्याचंच प्रोटीएज एन्झाइम गॅगचे तुकडे करतं, गोल थर मोडतो आणि त्यातल्या साधारण १५०० तुकड्यांपासून शंकूच्या आकाराचं नवीन कवच उभं राहतं. इथेही पंचकोन बरोबर १२च, बहुतेक वेळा रुंद टोकाला ७ आणि निमुळत्या टोकाला ५, कारण षटकोनांची जाळी सगळीकडून बंद करायची तर भूमितीच १२ मागते.

हे एन्झाइम अडवणारी औषधं १९९५ पासून वापरात आहेत, म्हणजे व्हायरस बनतो पण कच्चाच राहतो. २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं लेनाकॅपाव्हिर तर थेट कवचाच्या प्रोटीनलाच चिकटतं, त्यामुळे नवीन कवच नीट जुळत नाही आणि आधी जुळलेलं असेल त्याचंही काम बिघडतं.