रोजच्या जगण्यात मन सकारात्मक आणि स्थिर कसं ठेवायचं?

तू लिहिलंयस की वय ३१, नोकरी पुण्यात, गाव धाराशिव जिल्ह्यात. घरात मोठं दुखणंखुपणं नाही, तरी सकाळी डोळा उघडल्यापासून मन वाईटाकडेच धावतं. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत वडिलांचं सोयाबीन गेलं, तेव्हापासून तर जास्तच. ज्याला सांगावं तो ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतो, पण राहायचं कसं ते कुणी सांगत नाही. माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

मी लातूरला १७ वर्षांपासून मेस चालवते. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडून आलेली लेकरं माझ्याकडे जेवतात. दोन्ही वेळचे मिळून रोज १२० डबे जातात. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, त्यामुळे मानसशास्त्र वगैरे मला सांगता येणार नाही. डबे घासता घासता जे कळलं तेवढं सांगते.

मेस सुरू केली तेव्हा ४० डबे होते. रात्री डबे परत आले की मी आणि कामाला येणाऱ्या मावशी मोरीत घासायला बसायचो. एखाद्या डब्यात भाजी तशीच असायची, एखाद्यात भाकरीचा चतकोर राहिलेला. ते बघितलं की माझा जीव खाली-वर व्हायचा. मीठ जास्त झालं का, पोरं दुसरी मेस लावतील का, कर्ज काढून भांडी घेतली ती अंगावर पडतील का. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. एक दिवस मावशी सहज म्हणाल्या, “ताई, तीन डब्यांसाठी किती जीव काढता? सदतीस तर चाटूनपुसून आलेत की.”

मी हातातला डबा तसाच धरून बसले. ३७ रिकामे डबे माझ्यासमोर पालथे घातलेले होते आणि मला ते दिसलेच नव्हते.

त्या दिवसापासून मी डबे मोजायला लागले, तोंडाने, मोठ्याने. आधी रिकामे, मग उरलेले. आजही मोजते. काल रात्री ६० पैकी ५६ रिकामे होते, ४ उरलेले. शेताच्या बांधावर साप दिसला की शेजारच्या बोरीची पिकलेली बोरं दिसत नाहीत, माणसाच्या मनाची बांधणीच तशी आहे. सापाकडे आधी बघणारा जगला म्हणून आपण आहोत. त्यामुळे तुझं मन वाईटाकडे धावतं यात तुझा काही दोष नाही, ते त्याचं काम करतंय. फक्त त्याचा हिशेब एकतर्फी असतो. दुसरी बाजू आपल्याला हाताने लिहावी लागते, ती आपोआप लिहिली जात नाही.

पण ते चार डबे सोडूनही द्यायचे नाहीत. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. लोक ‘सकारात्मक’ म्हणतात तेव्हा त्यांना ते चार डबे झाकून ठेवायचे असतात. मी तसं केलं असतं तर एक लेकरू माझ्या हातून सुटलं असतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पोराचा डबा तीन दिवस जसाच्या तसा परत आला. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. जिंतूरकडचा पोरगा, वडील सालगडी. चौथ्या दिवशी मीच डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेले. दुपारचे दोन वाजलेले, खिडकी बंद, पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं. “काकू, मला काहीच येत नाही. बापाचे पैसे पाण्यात घातले मी,” एवढंच म्हणत होता. सराव परीक्षेत त्याला ७२० पैकी ५१० मार्क पडले होते, आधी साडेपाचशेच्या वर होते.

मी त्याला समजावत बसले नाही. समजावण्याने काही होत नाही हे मला माहीत होतं. म्हटलं, पेपर दाखव. चुकीचे प्रश्न त्याला तोंडपाठ होते. बरोबर किती, विचारलं, तर सांगता येईना. दोघांनी बसून मोजले. सोडवलेले प्रश्न १८०, बरोबर १३८, चूक ४२. बरोबरला चार मार्क, चुकीला एक वजा, म्हणून ५१०. १३८ हा आकडा त्याने तोपर्यंत एकदाही काढला नव्हता. मग ४२ बघितले. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या केमिस्ट्रीचे निघाले, आणि त्या आठवड्यात तो रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागला होता. ‘मला काहीच येत नाही’ याचं झालं ‘केमिस्ट्री कच्ची आहे आणि झोप होत नाही’. हे ऐकायला फार गोड नाही, पण यावर काही करता येतं. त्याने माझ्यासमोर अर्धी भाकरी खाल्ली. संध्याकाळी मी त्याच्या वडिलांना फोन लावून दिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती जिवावरची आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच गोडी वाटत नाही, आणि हे रोज असं दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर तो विचार बदलायचा विषय राहत नाही. ते दुखणं आहे, ताप येतो तसं, आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारचा टेली मानस म्हणून फोन नंबर आहे, १४४१६. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर तो खडूने लिहून ठेवलाय. जीव नकोसा वाटतो असा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी फोन करायचा. तुझ्या लिहिण्यावरून तुझं तिथवर गेलेलं दिसत नाही, पण तुझं तूच तपासून बघ.

आता ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ याबद्दल. तुलाही कुणीतरी हे ऐकवलं असेल.

माझं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. आमच्याकडची घरं माळवदाची, भिंती दोन-दोन हात जाडीच्या, दगड-मातीच्या, वर मातीचाच भार. उन्हाळ्यात गार राहायची म्हणून सगळ्यांना त्यांचा अभिमान. त्याच भिंतींनी माणसं घेतली. आमच्या घरातली दोन गेली, माझा चुलता आणि माझी सहा वर्षांची बहीण.

पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. एक दिवस लांबचे पाहुणे भेटायला आले आणि आजीला म्हणाले, “देव करतो ते बऱ्यासाठीच करतो, मावशी.” आजी सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, “बऱ्यासाठी नाही झालं. वाईटच झालं. माझी नात गेली, माझा लेक गेला, त्याला मी चांगलं म्हणणार नाही.” आणि सूप परत उचललं. “पण ज्वारी हाय घरात, आन् ही पाच लेकरं भुकेली हायेत.”

ती रोज दिवेलागणीला रडायची. मोकळ्या आवाजात, शेडच्या बाहेर दगडावर बसून. कुणी तिला गप्प करायला गेलं तर हात झटकायची. रडून झालं की तोंड धुऊन चूल पेटवायची. आम्हा लेकरांना तिच्या रडण्याची कधी भीती वाटली नाही, उलट धीर वाटायचा, कारण त्यानंतर भाकरी मिळणार हे ठाऊक होतं. तिच्यापेक्षा संतुलित माणूस मी आजवर बघितलेलं नाही. नुकसानाला नुकसान म्हणायची आणि त्याच श्वासात पिठाकडेही बघायची. दोन्हींतलं एकही तिने दुसऱ्यासाठी खोटं ठरवलं नाही.

म्हणून तुझ्या वडिलांचं सोयाबीन गेलं त्याला चांगलं म्हणू नकोस. तोंडाशी आलेलं पीक पाण्यात कुजताना बघणं फार वाईट असतं, त्यांना ते तुझ्याजवळ बोलू दे. पण फोनवर तेवढंच बोलून ठेवू नकोस. पंचनाम्यात नाव लागलं का, खात्याची केवायसी झाली का, हे विचार. रान खरडून गेलं नसेल तर एवढ्या पावसाने जमिनीत ओल भरपूर असणार, हरभरा पेरला असेल, तो कसा उगवलाय ते विचार. म्हैस किती दूध देते, शेळी व्याली का, तेही विचार. माझ्या वडिलांना मी फक्त ‘पाऊस पडला का, भाव काय आहे’ एवढंच विचारायचे तेव्हा दोघंही फोन ठेवताना कष्टी व्हायचो. शेळीबद्दल विचारायला लागले तर ते दहा-दहा मिनिटं बोलतात.

आणखी एक सवय सांगते, ती मला २०१६ च्या टंचाईने लावली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वॅगन, साधारण पाच लाख लिटर. देशभर लातूरचं नाव झालं, ते असं. शिकायला आलेली पोरं गावी परतली, माझे डबे ६२ वरून १९ वर आले. गल्लीत रोज नवी आवई उठायची. उद्यापासून टँकर बंद, लातूर आता उठणार, घरं विकायला काढा. दिवसातून दहा वेळा माझं काळीज लकलक करायचं.

माझ्याकडे दोनशे लिटरची तीन पिंपं होती. टँकर आठ दिवसांनी यायचा, म्हणजे रोजचे ७५ लिटर. मी पिंपात काठी बुडवून पाणी मोजायचे आणि बाहेरून खडूने रेघ ओढायचे, दर सकाळी एक. कुणी काही सांगत आलं की आत जाऊन रेघ बघायचे. लोकांच्या तोंडी पाणी संपलेलं असायचं, पिंपात ते चार दिवसांचं असायचं. एकदा उलटंही झालं. सगळे म्हणाले टँकर उद्या नक्की, आणि रेघ सांगत होती की उद्याला पुरणार नाही. त्या दिवशी भांडी न घासता पत्रावळ्यांवर जेवायला घातलं आणि निभावलं. चांगली असो की वाईट, बातमी ऐकली की आधी आपलं पिंप बघायचं, हे तेव्हापासून अंगवळणी पडलंय. सकाळी डोळा उघडल्यावर पहिल्यांदा मोबाइल हातात घेत असशील तर तेवढं बंद कर. मी तर भाकऱ्या होऊन तवा उतरेपर्यंत फोनला हात लावत नाही.

काळजीला मी वेळ ठरवून दिलीय. दुपारी चार वाजता चहा घेऊन वट्ट्यावर बसते आणि हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर जे काय डोक्यात असेल ते लिहिते. कुणाचे पैसे राहिलेत, सिलिंडर कधी संपेल, मुलीची फी, गुडघ्याचं दुखणं. ज्यावर काही करता येईल त्याच्यासमोर काय करायचं ते लिहिते. काहींसमोर काहीच लिहिता येत नाही, ती जागा कोरी सोडते. रात्री काळजी आली तर तिला म्हणते, तुझं नाव वहीत आहे, उद्या चारला बघू. सुरुवातीला जमलं नाही, पंधरा-वीस दिवस गेले. आता बहुतेक वेळा जमतं. झोप, चालणं, वेळेवर जेवण हे तर आहेच, ते तुलाही माहीत आहे.

तुझ्यासाठी एवढंच सुचवेन की रात्री झोपताना डबे मोज. तुझे डबे वेगळे असतील. आज वेळेवर झालेलं काम, बसमध्ये मिळालेली जागा, आईचा फोन, बरोबर आलेला चहा. आणि मग न झालेलं एखादं, मान खाली न घालता. आठ दिवस करून बघ आणि इथेच कळव.

परवा येळवस आहे, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करून जेवायचा आमच्याकडचा सण. मेसला सुट्टी. गावी जाता न येणारी आठ-दहा पोरं दरवर्षी माझ्यासोबत माझ्या भावाच्या शेतात येतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालून ठेवलीय, पांडव म्हणून पुजायच्या दगडांना चुना लावायचा राहिलाय. आंबील आज विरजणार, उद्या संध्याकाळी भज्जीसाठी पालेभाज्या निवडायला बसायचं, तुरीच्या शेंगा आणि ओला हरभरा सोलायचा, पहाटे तीनला उठून बाजरीचे उंडे. तो जिंतूरचा पोरगाही येतोय, आता अंबाजोगाईला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धाराशिव जिल्ह्यातला आहेस म्हणजे तुमच्याकडेही येळवस असणारच. सुट्टी मिळत असेल तर गावी जा. नसेल मिळत तर आईला फोन कर आणि यंदा भज्जीत काय काय घातलं ते विचार.