तार तुटली तिथून लिही

पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चौथ्या डिव्हिजनच्या सिग्नल रेजिमेंटवरच्या, म्हणजे लष्कराच्या तारा, टेलिफोन आणि रेडिओ सांभाळणाऱ्या तुकडीवरच्या, तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं. खटकलं ते आधी सांगतो, कौतुक रविवारी समोरासमोर करीन.

सुरुवात तू पावनखिंडीनं केलीस. बाजीप्रभू विशाळगडावरच्या तोफांची वाट बघतोय, आणि त्या बारांच्या आवाजात तू थेट चौथ्या डिव्हिजनच्या सिग्नल रेजिमेंटवर येऊन उतरतेस. तो परिच्छेद काढ. साताऱ्याकडच्या माणसाला हा मोह होतोच. मीही भाषणात हेच केलंय आणि टाळ्या घेतल्यात, पण प्रबंधात टाळ्यांचा काही उपयोग नाही.

दुसरं, कमांडिंग ऑफिसरांची यादी. कोण कधी आले, कधी गेले, यातच सात पानं गेली. ती परिशिष्टात टाक. सिग्नलच्या युनिटची गोची अशी, की काम नीट चालू असलं की त्याची कुणी नोंदच करत नाही. जनरल साहेब फोन उचलतात, पलीकडून आवाज येतो, विषय संपला. नोंद होते ती तार तुटल्यावर. म्हणून तुझा इतिहास तार तुटली तिथे शोध. किती वाजता तुटली, पक्कड घेऊन कोण निघालं, पुन्हा आवाज कधी आला, हे लिही. बाकीचं गॅझेटात सापडतं.

स्थापनेवर एक पान पुरे. १५ फेब्रुवारी १९११, फतेहगड, लेफ्टनंट कर्नल पॉवेल, ३१ आणि ३२ क्रमांकाच्या दोन सिग्नल कंपन्या. त्याआधी हे काम सॅपर्सकडे, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअरांकडे होतं. सरहद्दीच्या डोंगरांत आरशावर ऊन पाडून निरोप देणारा हेलिओग्राफ चालायचा, हे मात्र सोडू नकोस. समोरासमोरच्या दोन शिखरांना तो पुरायचा. ढग आला की मुका.

१९४१ ची केरेनची लढाईही थोडक्यात घे. चौथी डिव्हिजन तेव्हा मूळची 'पहाडी' नव्हती, तरी एरिट्रियाच्या त्या उघड्या कड्यांवर पाणी आणि दारूगोळा माणसांच्या पाठीवरून चढवत होती. २७ मार्चला केरेन पडलं. मध्यपूर्वेतल्या त्या काळच्या वॉर डायऱ्या लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात, डब्ल्यूओ १६९ या मालिकेत आहेत. तिथे कुणी ओळखीचं असेल तर आजच पत्र टाक.

आता डोंगराचं. हे तुझ्या प्रकरणात अजिबात नाही, आणि हे कळल्याशिवाय १९६२ चं चीनयुद्ध कळणार नाही. व्हीएचएफ सेट, म्हणजे नजरेच्या रेषेत चालणारा रेडिओ, हा दिवा समज. मधे डोंगराची धार आली की पलीकडे अंधार. मग धारेवर रिले, म्हणजे निरोप झेलून पुढे पाठवणारा सेट, ठेवायचा. म्हणजे तिथे माणसं, रॉकेल, शिधा, सगळं चढवायचं. एचएफ या कमी फ्रिक्वेन्सीच्या सेटची लहर आकाशात आदळून खाली येते, पण अँटेना चुकीची बांधलीस तर ती शेजारच्या दरीवरून उडून शेकडो किलोमीटरवर पडते. म्हणून जाणता ऑपरेटर तार जमिनीजवळ आडवी ताणतो. लहर कारंज्यासारखी सरळ वर जाते आणि आसपास पडते. रात्री आकाशातला तो थर बदलतो, फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते. सगळ्यात वाईट बॅटरी. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी भयंकर थंडीतही गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याखाली सात-आठ अंशांवरच गोठून फुटते. म्हणजे चार्जिंग इंजिन बंद पडलं की नुसता सेट बंद होत नाही, बॅटरीच जाते.

हे डोक्यात ठेवून तवांगकडच्या नामका चू नदीवरची लढाई वाच. चौथी डिव्हिजन १९५९ च्या अखेरीस अंबाल्याहून तेजपूरला आली. मैदानात गाड्यांवर वाहायचं सामान आता माणसाच्या पाठीवर आलं. १९६२ च्या शरदात ब्रिगेडियर दळवींच्या सातव्या ब्रिगेडला थागलाच्या धारेच्या पायथ्याशी, त्या नदीच्या पात्रालगत उतरवलं. वर त्सांगधर या जागी विमानातून टाकलेलं सामान किती तरी वेळा दरीत गेलं. शत्रू वरच्या धारेवर, आपण तळाशी. जिथे रायफल आंधळी, तिथे रेडिओही आंधळाच. २० ऑक्टोबरच्या पहाटे तोफा सुरू झाल्या आणि टेलिफोनच्या तारा तुटल्या.

'संपर्कयंत्रणा कोलमडली म्हणून पराभव झाला' असं तू लिहिलंस. हे वाक्य वरिष्ठांच्या फार सोयीचं आहे, ते तसंच उचलू नकोस. सेट कमी होते, बॅटऱ्या कमी होत्या, खरं आहे. पण त्या खोल पात्रात ब्रिगेड बसवली कुणी, हा प्रश्न लाईनमनला विचारायचा नसतो.

त्याच दिवशी त्सांगधरकडे एक हेलिकॉप्टर गेलं. वैमानिक स्क्वाड्रन लीडर विनोद सेहगल, सोबत सिग्नलचे मेजर राम सिंग. तिथे चिनी पोचले होते. दोघेही परतले नाहीत. तुझ्या चाळीस पानांत राम सिंगांचं नाव एकदाही आलेलं नाही. त्यांच्यासाठी पान राख, आणि विशेषणं न लावता लिही.

पुढचं वेगानं गेलं तरी चालेल. या युद्धानंतर डिव्हिजन पहाडी झाली, आणि १९६५ च्या सप्टेंबरात तिला लढावं लागलं कुठे, तर खेमकरणच्या सपाट उसाच्या शेतात, असल उत्तरला, पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर! पहाडी सरंजामाची डिव्हिजन आणि पंजाबचं मैदान. मैदानात केबलचा शत्रू वेगळा, तिथे रणगाड्याच्या पट्ट्या ती चावून टाकतात, आपल्याही. १९७१ ला हीच डिव्हिजन आजच्या बांगलादेशातल्या झेनैदा आणि कुष्टियाकडे, नद्यानाल्यांच्या मुलखात.

लॉगबुकांबद्दल एक कबुली. ऐंशीच्या दशकात तवांगकडच्या एका ठाण्यावर दर तासाला लाईन तपासून नोंद करायची माझी पाळी होती. बाहेर बर्फ. दोन वाजता मी उठलोच नाही. पहाटे दोन, तीन आणि चारसमोर एका दमात लिहून टाकलं, 'लाईन ओके'. लाईन एक वाजताच बंद पडली होती. हवालदारानं चूक अक्षरावरून पकडली. खरोखर तासातासानं, गारठलेल्या बोटांनी लिहिलं की अक्षर दर ओळीला वेगळं वाकडं येतं. माझ्या तिन्ही ओळी शाळेच्या कित्त्यासारख्या होत्या. शिक्षा काय झाली ते सांगत नाही, पण तेव्हापासून सुबक लॉग दिसला की मी सावध होतो. तूही हो. झेरॉक्सवर समाधान मानू नकोस, मूळ वही मागून बघ.

आणि म्हाताऱ्यांना 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं' असं विचारू नकोस. ते 'देशसेवा' म्हणतील आणि चहा मागवतील. हातांबद्दल विचार. काळोखात तुटलेली जागा कशी सापडायची? केबल मुठीतून सरकवत चालायचं, मधे मधे फोन जोडून हँडल फिरवायचं. मागचं ठाणं बोलतंय, पुढचं नाही, म्हणजे तूट अजून पुढे. टोक सापडलं तर ते तुटलेलं आहे की कापलेलं, हे आधी बोटानं चाचपायचं. कापलेलं असेल तर कुणीतरी जवळच दबा धरून असू शकतं. म्हणून लाईनमन एकटा जात नाही. हातमोजे घालून तार सोलता येत नाही, मग दातांनी सोलायची. असं विचारलंस की माणसं आपोआप बोलायला लागतात.

तुझे आजोबा मात्र बोलले नसते, हेही खरं. दळवींच्या त्या ब्रिगेडमधली बरीच माणसं भूतानमार्गे चालत परत आली, त्यांत ते होते, एवढंच आम्हाला माहीत. मला जबलपूरला भरतीला पाठवलं त्यांनीच, पण त्या वाटेबद्दल चकार शब्द काढला नाही.

रविवारी येताना प्रकरणाची छापील प्रत आण, मला मोबाईलवर वाचवत नाही. आणि आजोबांची पक्कड तुझ्या आईकडे अजून असेल तर तीही. मुठीला खाकी चिंधी गुंडाळलेली आहे ती. थंडीत लोखंड कातडीला चिकटतं म्हणून. चिंधी सोडू नका, तशीच आणा.

तुझा,
आबा