अभ्यासक्रम संपायची वाट पाहू नकोस

राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं स्वतः लिहायची. त्यामुळे ‘आधी सगळं वाचून होऊ दे, मग उत्तरं लिहीन’ हा तुझा बेत ऐकून मला खरंच काळजी वाटली. माझे पहिले सहा महिने असेच गेले. वाचन कधी संपतच नाही रे. आज जेवण झाल्यावर एकच प्रश्न घे, घड्याळ लाव आणि 7-8 मिनिटांत 150 शब्द लिही. कच्चं उतरलं तरी खोडू नकोस. उठताना उद्याचा प्रश्न वहीच्या कोऱ्या पानावर लिहून ठेव, पेन तिथेच राहू दे. ‘कुठून सुरू करू’ यातच सकाळचा अर्धा तास जातो, तो वाचेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दहा उत्तरं झाली की मला दाखव, मी नीट वाचेन.