पट्ट्याखालची गाडी

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुला घ्यायच्या स्पोर्टी आवृत्तीच्या गाडीचा, तू पाठवलेला शोरूममधला फोटो पाहिला. काळं छप्पर, दारावर लाल पट्टा, ग्रिलवर बिल्ला. गाडी देखणी आहे, वादच नाही. पण वरचे पैसे मोजण्याआधी साध्या मॉडेलचं आणि हिचं माहितीपत्रक शेजारी ठेवून वाच. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक, टायर या चार ओळी दोन्हीकडे सारख्याच असतील, तर तू फक्त रंगाचे पैसे देतोयस.

साध्या गाडीला जास्त जोर देऊन केलेल्या या जातीच्या गाड्यांवर माझा फार जीव आहे, म्हणून एवढं बजावतोय. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली तेव्हा फक्त ५,००० काढायच्या ठरल्या होत्या. पहिल्याच पिढीच्या चार लाखांहून जास्त खपल्या. रोजच्या घरगुती गाडीत ११० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिन आणि त्याला पेलेल असं सस्पेन्शन, एवढ्यावर लोक वेडे झाले.

आपल्याकडे मात्र कराचं गणित आडवं येतं. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तरच कर कमी. म्हणून इथे लहान टर्बो इंजिनं दिसतात, म्हणजे जादा हवा आत दाबून जोर वाढवलेली. मारुतीची २०१७ ची बलेनो आरएस १ लिटरची, १०२ पीएस, मागेही डिस्क ब्रेक. ह्युंदाईची २०२१ ची आय२० एन लाइनही १ लिटरचीच, १२० पीएस. युरोपातली आय२० एन २०४ पीएसची, तेव्हा तिचे व्हिडिओ बघून इथल्या एन लाइनकडून तसली अपेक्षा ठेवू नकोस. फियाटची २०१५ ची अबार्थ पुंटो १.४ लिटर, १४५ पीएसची, म्हणून कराच्या सवलतीबाहेरची. ती रस्त्यात दिसली की माझी मान आजही वळते, पण पार्टसाठी वणवण करायची तयारी असेल तरच जुनी घे. कंपनीने बनवणं बंद केलेल्या प्रत्येक खास आवृत्तीचं हेच आहे: इंजिनाचे पार्ट एक वेळ मिळतील, तिचा वेगळा बंपर नाही मिळायचा.

शोरूममध्ये खाली बस आणि मागच्या अलॉय चाकाच्या फटीतून आत बघ. चकचकीत चकती दिसली तर डिस्क, काळपट डबा दिसला तर ड्रम. मग टायरच्या कडेवरचा आकडा वाच. १९५/५५ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि रबराची उंची तिच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. १८५/६५ ला ती १२० भरते. वळणावर कमी उंचीचा टायर झकास, पण खड्ड्यात मार थेट रिमला बसतो. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते तुला ठाऊक आहेत. हवा दर पंधरवड्याला तपास.

टर्बोला उन्हाचाही विचार लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ पर्यंत जातो. पुण्याहून हायवेने दामटत आलास, तर शहराच्या वेशीवरच्या बाळ्यापासून पुढे सावकाश ये, आणि दारात आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून टर्बो निवू दे, मग बंद कर. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं घाल, आणि वेळेवर. यात काटकसर नको.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बाहेरून बसवून घेऊ नकोस. पोलीस पावती फाडतील आणि वॉरंटीचाही घोळ होईल.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती चक्कर मारून संपवू देऊ नकोस. सात रस्त्याच्या गर्दीतून काढ, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जड जातो का बघ. मग विजापूर रोडने सोरेगावच्या पुढे ने, तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना टर्बो कधी जागा होतो ते ऐक. आणि आईला मागच्या सीटवर बसव. कडक सस्पेन्शन तुला आवडेलच. पण अक्कलकोटला दर्शनाला त्याच सीटवर बसून तिला जायचंय. ती काय म्हणते ते मला फोनवर सांग, बुकिंगचे पैसे त्यानंतर भर.

तुझा,
काका