लाखो रुपयांची दुर्मिळ व्हिस्की खरंच तेवढ्या किमतीची असते का?

प्यायची असेल तर नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात मॅकॅलन १९२६ या स्कॉच व्हिस्कीची एक बाटली सुमारे २२ लाख पौंडांना गेली. ६० वर्षं शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली, १९८६ मध्ये भरलेल्या अवघ्या ४० बाटल्यांपैकी एक. पैसे मोजले ते या ४० च्या आकड्याला, चवीला नव्हे. स्कॉटलंडात पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते, म्हणून जुना माल मुळातच थोडा उरतो. पण जुनं ते सोनं इथे दरवेळी खरं नाही. फार मुरली की लाकडाचा तुरटपणा चढतो. आणि बाटलीत भरल्यावर मुरणं थांबतं. काकांनी कपाटात २० वर्षं जपलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच! मी तरी १५-१८ वर्षांच्या सिंगल माल्टवर (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीवर) थांबतो.