आधी कागद, मग कॅमेरा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या अध्यक्षांचा इतिहास लिहायचा आणि त्यावर टीव्हीवर बोलायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. इतिहासकार मायकेल बेश्लॉस अमेरिकी टीव्हीवर दोन-चार वाक्यांत एखादा जुना प्रसंग उभा करतात, ते तुला जमवायचं आहे. जमेल. पण त्यांच्या त्या वाक्यांमागचा क्रम नीट बघ. विल्यम्स कॉलेजात अध्यक्षांचे चरित्रकार जेम्स मॅक्ग्रेगर बर्न्स यांच्या हाताखाली शिक्षण, १९८० मध्ये जोसेफ केनेडी (अध्यक्ष केनेडींचे वडील) आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर पहिलं पुस्तक, मग यू-२ या हेरगिरी विमानाचं प्रकरण, मग अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह, आणि पुढे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वतःच गुप्तपणे ध्वनिमुद्रित केलेली संभाषणं ऐकून सिद्ध केलेले दोन खंड. हे सगळं मागे उभं असतं म्हणून ते थोडक्यात बोलू शकतात.

जॉन्सन यांच्या ध्वनिफिती तू स्वतः ऐकायला लाग. आपल्या मृत्यूनंतर ५० वर्षं त्या उघडू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. ते जानेवारी १९७३ मध्ये गेले, म्हणजे २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली असती. पण केनेडी-हत्येशी संबंधित कागद खुले करण्याचा कायदा १९९२ मध्ये झाला आणि ऑस्टिनच्या जॉन्सन ग्रंथालयाने त्या फिती नव्वदच्या दशकातच टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणल्या. २७ मे १९६४ चं, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी झालेलं संभाषण ऐक. व्हिएतनाम लढण्याच्या लायकीचं नाही आणि त्यातून बाहेरही पडता येणार नाही, असं अध्यक्ष स्वतः म्हणतो आहे. पुढच्याच वर्षी त्याने तिथे मोठं सैन्य उतरवलं. हे ऐकताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. त्या काळचे भाष्यकार काही कमी हुशार नव्हते, पण त्यांना दिसत होता तो जाहीर सभेतला जॉन्सन. फोनवरचा माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचाचंही तसंच. ऑक्टोबर १९६२ मध्ये केनेडींनी क्यूबावर हल्ला न करण्याच्या हमीपलीकडे काहीही न देता ख्रुश्चेव्हला माघार घ्यायला लावली, असंच जगाला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात २७ तारखेच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांना तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा शब्द दिला होता, तोही कुठे वाच्यता न करण्याच्या अटीवर. मोजक्या माणसांनी ते गुपित सांभाळलं. केनेडींचे सल्लागार थिओडोर सोरेन्सन यांनी ते उघडपणे मान्य केलं १९८९ मध्ये. मधल्या काळात ‘केनेडींसारखं ताठ उभं राहा’ हा सल्ला किती जणांनी पुढच्या अध्यक्षांना दिला असेल, याचा विचार कर. अर्धवट माहितीवरचा इतिहास नुसता चुकत नाही, तो पुढच्या निर्णयांना चुकीचं वळण लावतो. म्हणून मी या बाबतीत इतका हट्टी आहे.

तुला स्टुडिओत पहिल्याच दिवशी विचारतील, ‘सध्याच्या अध्यक्षांची इतिहास काय नोंद घेईल?’ तेव्हा निकाल देऊ नकोस. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांचे कागद देशाच्या मालकीचे झाले खरे, पण कार्यकाळ संपल्यावर पहिली पाच वर्षं ते सर्वसामान्यांना मागता येत नाहीत, काही प्रकारचे कागद बारा वर्षांपर्यंत बंद राहू शकतात आणि सुरक्षेशी संबंधित त्याहूनही जास्त. अध्यक्ष ट्रुमन यांना १९५२ मध्ये जेमतेम २२ टक्के लोकांची पसंती होती. आज इतिहासकार त्यांना बरंच वरचं स्थान देतात. मग तू काय बोलायचंस? पूर्वी अशा वेळी काय घडलं होतं, कायदा काय म्हणतो, कोणत्या अध्यक्षाने कोणती मर्यादा पाळली वा मोडली, हे बोल. एखादा अध्यक्ष संविधानाची चौकट मोडत असेल तर तेही स्पष्ट सांग. त्यासाठी बंद कागदांची वाट पाहायची गरज नाही, कृती सगळ्यांसमोर असते.

सत्तेच्या जवळिकीबद्दल एकच सांगतो. इतिहासकार जॉन मीचम यांनी २०२० मध्ये बायडन यांच्या भाषणांना हातभार लावला होता. ते बाहेर आलं, तेव्हा एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीने त्यांना मानधन घेणारे भाष्यकार म्हणून ठेवलं नाही. भाषण लिहून देणं गुन्हा नाही. पण प्रेक्षकाला ते आधी कळायला हवं, नाहीतर त्याचा विश्वास उडतो.

पोटापाण्याचं म्हणशील तर टीव्हीच्या भरवशावर राहू नकोस. शिकवणं, संपादन, संग्रहालयातली नोकरी, काहीतरी बांधलेलं हवं. बेश्लॉस यांनीही हार्वर्डची एमबीए केली होती. रॉबर्ट कॅरो यांच्या जॉन्सन-चरित्राचा पहिला खंड १९८२ चा आणि चौथा २०१२ चा. असं काम अंगावर घ्यायचं तर घरातल्या माणसांशी आधी मोकळेपणाने बोलून घे.

आणि पहिला विषय मीच सुचवतो. १९ नोव्हेंबर १९६२ ला नेहरूंनी केनेडींना एकाच दिवसात दोन पत्रं लिहिली आणि लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या मागितल्या. दोनच दिवसांनी चीनने युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं म्हणत आपण यशवंतरावांच्या दिल्लीला जाण्याची गोष्ट सांगतो, ती याच दिवसांतली. ती पत्रं बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहेत. तेव्हा दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेल्या गॅलब्रेथ यांचे कागदही तिथेच आहेत. इथल्या मराठी आठवणी आणि तिथल्या तारा शेजारी ठेवून वाचणारं माणूस क्वचितच सापडतं, आणि तुला दोन्ही भाषा येतात. आधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची सूची वाच, भारताच्या कोणत्या फायली खुल्या आहेत ते पाहा, मग तिथल्या अभिलेखपालांना नेमका प्रश्न विचारणारं पत्र लिही. प्रत्येक टिपणावर पेटीचा आणि फायलीचा क्रमांक घाल, आणि दुसऱ्याचं वाक्य उतरवलंस तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं दे. १८ ते २१ नोव्हेंबर, एवढ्या चारच दिवसांवर दहा पानं लिहून मला पाठव. मी लाल पेन घेऊन वाचीन.

तुझा,
काका